जेट स्कीच्या तळाला टवका गेला तर: सोलापूरच्या उन्हात जेलकोटची दुरुस्ती

उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरायला लागलं की सगळ्यात धोक्याचे दिवस सुरू होतात. दगड पूर्ण उघडे पडले की दिसतात, आणि खोल पाण्याखाली असले तर लागत नाहीत. मधले काही आठवडे मात्र ते वीतभर पाण्याखाली दबा धरून असतात. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या यशवंतसागर जलाशयाच्या पोटात जुनी गावं आहेत, शेताचे बांध, विहिरींची कडी, घरांच्या भिंती आहेत. पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. त्या देवळाच्या आधी कितीतरी भिंती आणि बाभळीची खुंटं वर आलेली असतात. जेट स्की पाण्यावर अगदी उथळ चालते आणि वेगात असते. काळ्या बेसाल्टच्या दगडाला तिचा तळ एकदा घासला की टवका उडतो आणि त्याच्या भोवती बारीक रेषांची चांदणी उमटते.

मग मालक जेट स्की ट्रेलरवर घालून शहरात आणतो आणि डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात उभी करतो. तिथं मोटारीच्या दरवाजावर भरतात तीच लांबी (पुट्टी) भरली जाते, वर रंगाचा हात मारला जातो, आणि काम चकचकीत दिसतं. एका हंगामात ते निघून येतं. गॅरेजवाल्याच्या हाताला कसब नसतं असं अजिबात नाही. गाडीचा पत्रा आणि जेट स्कीचा तळ या मुळातच वेगळ्या वस्तू आहेत. गाडीच्या लांबीत शंखजिऱ्याची पूड असते, ती ओल शोषते आणि पाण्याखाली फुगते. पाण्याच्या रेषेखाली ती कधीही भरू नये. या कामातली बहुतेक अपयशं जेलकोटचा, म्हणजे तळाच्या अगदी बाहेरच्या रंगीत थराचा, डबा उघडायच्या आधीच ठरलेली असतात: तळ कशाचा आहे हे पाहिलेलं नसतं, तडा का गेला हे शोधलेलं नसतं, आणि आपल्या गावचं ऊन हिशेबात धरलेलं नसतं. म्हणून या तीन गोष्टींवर मी जास्त बोलणार आहे.

जेलकोट आधी लागतो, नंतर नाही

फायबरची होडी बाहेरून आत बनते. साचा आतून आरशासारखा घासून त्यावर मेण लावतात. मग पहिला थर फवारतात तो जेलकोट, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. तो थोडा आवळला की त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन (पुढे कडक होणारा चिकट द्रव) यांचे थर बसवतात, आणि सगळं कडक झाल्यावर साच्यातून बाहेर ओढतात. म्हणजे होडीची चकाकी साच्याकडून येते. ब्रशनं ती येत नाही. दुरुस्ती करताना आपल्याकडे साचा नसतो, म्हणून पुढे इतकं घासावं लागतं.

जेलकोट म्हणजे मुख्यतः पॉलिस्टर रेझिन. त्यात रंगाची पेस्ट, उन्हापासून वाचवणारी रसायनं आणि उभ्या भागावरून ओघळू नये म्हणून अतिशय बारीक सिलिका असते. काचेचा धागा त्यात अजिबात नसतो, म्हणून त्याला स्वतःची ताकद नाही आणि तो ठिसूळ असतो. ऊन आणि पाणी आतल्या फायबरपर्यंत पोचू न देणं एवढंच त्याचं काम. भार पेलते ती मागची मॅट. हे लक्षात घेतलं की तड्याचा अर्थ कळतो: जेलकोटला सोसवेल त्यापेक्षा मागचं फायबर जास्त वाकलं. का वाकलं, हे शोधल्याशिवाय वरून भरलेला जेलकोट पुन्हा त्याच जागी तडकणार.

तुमच्या जेट स्कीला जेलकोट आहे का?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. फायबरच्या बहुतेक होड्यांना आणि सी-डू कंपनीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांना खरा जेलकोट असतो. यामाहा आणि कावासाकीच्या बऱ्याच गाड्यांचे तळ मात्र एसएमसीचे असतात. म्हणजे रेझिन आणि तुकडे केलेला काचधागा यांचा तयार पत्रा गरम साच्यात दाबून केलेले. त्यावर बहुधा रंगाचा थर असतो, जेलकोट नसतो. यामाहाचं नॅनोएक्सेल हेही त्याच घराण्यातलं हलकं रूप. सी-डू स्पार्कपासून आलेलं पॉलिटेक तर सरळ पॉलिप्रॉपिलीन आणि काचधाग्याचं मिश्रण आहे. पॉलिप्रॉपिलीनला जेलकोट धरतच नाही. कितीही घासा, कितीही चांगलं रेझिन आणा, तो पापुद्रा होऊन सुटणार. तिथं प्लास्टिक वेल्डिंग करणारा माणूस लागतो.

गोव्याहून किंवा तारकर्लीहून वापरलेली गाडी आणली असेल आणि कागदपत्रं नीट नसतील, तर एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून घासून बघा. रंग लवकर संपून खाली करडा प्रायमर किंवा वेगळाच थर दिसला तर तो रंग आहे. बराच वेळ त्याच रंगाचं दाट पाणी निघत राहिलं तर जेलकोट. भुकटी निघायच्या ऐवजी कापसासारखे तंतू उठायला लागले आणि बोटाला मेणचट लागलं, तर ते प्लास्टिक आहे आणि हा लेख तुमच्या गाडीसाठी नाही.

एसएमसी असेल तर भरणा एपॉक्सी या वेगळ्या जातीच्या रेझिननं करावा. त्या पत्र्यात साच्यातून सुटण्यासाठी मिसळलेला पदार्थ असतो, आणि साधं पॉलिस्टर त्यावर नीट पकड घेत नाही. एपॉक्सी घेते. पण मग वर पॉलिस्टर जेलकोट लावायच्या भानगडीत पडू नका, कारण एपॉक्सीच्या हार्डनरमधला, पूर्ण न जोडला गेलेला अमाइन जेलकोटला कडक होऊ देत नाही. त्याऐवजी दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग द्या. उलट दिशेनं, म्हणजे जुन्या पॉलिस्टरवर एपॉक्सी, छान बसते.

तडा वाचणं

तळ धुऊन, शेवाळ आणि आपल्याकडच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढून, कोरड्या तळावर शाईचं बोट फिरवा आणि लगेच पुसा. डोळ्याला न दिसणाऱ्या भेगांत शाई राहते. आता आकार बघा. एका बिंदूपासून सगळीकडे पसरलेल्या रेषा म्हणजे ठोकर. एकमेकींना समांतर रेषा, त्याही ट्रेलरच्या टेकूच्या वर, म्हणजे टेकू चुकीच्या जागी आहे आणि करमाळ्याच्या किंवा इंदापूरच्या रस्त्यावरचे सगळे दणके तेवढ्याच जागेवर बसले आहेत. अशा वेळी आधी ट्रेलर दुरुस्त करा. कोपऱ्यात, आतल्या वळणावर बारीक भेगा दिसल्या आणि ठोकरीची खूण नसली, तर बऱ्याचदा कारखान्यात तिथं जेलकोट जास्त जाड साचलेला असतो. जाड जेलकोट स्वतःच्या आवळण्यानंच तडकतो.

नंतर रुपयाच्या नाण्यानं ठोकत पुढे सरका. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून कान देतो, तोच कान इथं वापरायचा. टणक आवाज येतोय तोवर ठीक. आवाज बसका झाला की तिथं मॅटचे थर सुटलेत. त्या जागेभोवती पेन्सिलनं रेघ ओढून ठेवा. शक्य असेल तिथं सीट काढून आतून टॉर्च मारा. मार लागलेलं फायबर आतून पांढरट दिसतं. बाहेरून रुपयाएवढा टवका आणि आतून तळहाताएवढा पांढरा डाग, हे मी अनेकदा पाहिलंय. दगडाचा मार बाहेरून लहान आणि आतून मोठा असतो.

फोडांबद्दल थोडं. पाणी जेलकोटमधून अतिशय हळू का होईना आत झिरपतं, आतल्या न मुरलेल्या रसायनांशी मिसळतं आणि दाब तयार होऊन फोड येतात. गोड्या आणि कोमट पाण्यात ही ओढ खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असते. म्हणजे उजनीचं पाणी याबाबतीत समुद्रापेक्षा सौम्य नाही. पण जेट स्की काम झालं की ट्रेलरवर येते, म्हणून तिला हा त्रास क्वचित. महिनोन्‌महिने पाण्यात बांधलेल्या फायबरच्या होड्यांना तो होतो. फोड असतील तर ते उघडून, गोड्या पाण्यानं पुन्हापुन्हा धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरावेत. वाळवण्यासाठी मात्र सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यासारखी जागा नाही.

आणि तळाला काहीच झालेलं नसेल, फक्त वरचा भाग खडूसारखा पांढरा पडला असेल, तर नवीन जेलकोटचा विचारही करू नका. उन्हानं फक्त वरचा अतिशय पातळ थर मेलेला असतो. रबिंग कंपाउंड, पॉलिश आणि मेण एवढ्यात मूळ रंग परत येतो. अर्धा मिलिमीटर हीच तुमची एकूण शिल्लक आहे. दरवर्षी जोरात घासून ती संपवू नका. गाडीवर कापडी कव्हर घाला, ते सगळ्यात स्वस्त.

डब्यावरचं प्रमाण २५ अंशांसाठी आहे

जेलकोट वाळत नाही, तो मुरतो. रंगातलं थिनर उडून जातं आणि रंग सुकतो, तसं इथं काही होत नाही. रेझिनमधले रेणू एकमेकांना साखळीनं जोडले जातात आणि द्रवाचा घन होतो. ही साखळी सुरू करतं ते एमईकेपी नावाचं पेरॉक्साइड. दुकानात त्याला हार्डनर किंवा कॅटॅलिस्ट म्हणतात. त्याला साध्या तापमानाला कामाला लावतं ते कोबाल्ट. ही क्रिया स्वतः उष्णता सोडते, आणि उष्णतेनं क्रिया आणखी वेग घेते. म्हणून हवामान हा या कामातला सगळ्यात मोठा कारागीर आहे.

सूचना बहुधा २५ अंश सेल्सिअस धरून लिहिलेल्या असतात. त्या तापमानाला साधारण दीड-दोन टक्के हार्डनर घातला की हातात पंधरा-वीस मिनिटं मिळतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ ढोबळमानानं निम्मा होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा सहज ४० पार करतो, आणि दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या तळाला हात लावून ठेवता येत नाही. त्यावर जेलकोट ठेवला तर तो ब्रशखालीच गोळा होतो. त्यातली हवा अडकून सुईएवढी भोकं राहतात, आणि घाईत मुरलेला थर आवळून कडेला सुटतो.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे हार्डनर कमी करणं. थोडा कमी करा, पण एक टक्क्याच्या खाली कधीही जाऊ नका. तेवढा हार्डनर नसेल तर साखळी पूर्ण होत नाही. थर वरून कडक वाटतो, पण आतून कायमचा मऊ राहतो. नंतर कितीही दिवस ऊन दिलं तरी सुधारत नाही. तीन टक्क्यांच्या वर गेलात तर जास्तीचा हार्डनर आत उरतो, थर कमकुवत होतो आणि पिवळा पडतो. प्रमाणाशी खेळण्यापेक्षा घड्याळाशी खेळा. उन्हाळ्यात पहाटे, सावलीत, रात्रभर गार झालेल्या तळावर काम करा. एका वेळी मोजकंच कालवा. डबा गार पाण्याच्या परातीत ठेवा, पण पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत उलट करा: पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास किंवा खाली असतो, तेव्हा क्रिया जवळजवळ थांबते. अकरा ते तीन हीच वेळ धरा.

रेझिन आणि जेलकोट घेताना डब्यावरची तारीख बघा. थंड जागी ते काही महिने टिकतात, पण पत्र्याच्या शेडमध्ये मे महिना काढलेला डबा आतून घट्ट व्हायला लागलेला असू शकतो. ढवळताना गुठळ्या लागल्या तर तो परत करा.

मोजमाप, आणि डोळे

तळहाताएवढ्या जागेला अर्धा मिलिमीटर थर द्यायला दहा ग्रॅमही जेलकोट लागत नाही. पण इतकं कमी नीट कालवता येत नाही, म्हणून ३० ग्रॅमचा हिशेब धरा. दीड टक्क्यानं हार्डनर ०.४५ ग्रॅम होतो, म्हणजे सुमारे ०.४ मिलि. हे थेंब मोजून जमत नाही. लहान सराफी काटा आणि एक मिलिलिटरची सिरिंज, सुई काढून, हे दोन घ्या. कालवायला स्टीलची जुनी वाटी चालते. थर्माकोलची वाटी मात्र जेलकोटमधलं स्टायरिन नावाचं द्रावक विरघळवून टाकतं. मेण लावलेल्या कागदी कपातलं मेण जेलकोटमध्ये उतरतं. किमान एक मिनिट, कडा आणि तळ खरवडत, सावकाश ढवळा. जोरात फेटलं की बुडबुडे येतात.

आता जे सांगतोय ते कृपा करून दोनदा वाचा. आपल्याकडे बरंच रेझिन कोबाल्ट न घातलेलं मिळतं आणि कोबाल्ट, हार्डनर अशा दोन वेगळ्या बाटल्या हातात देतात. या दोन बाटल्यांतले द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. तसं केलं तर भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, आणि नंतरच हार्डनर. दोन्हींना वेगळी सिरिंज, वेगळी काडी, वेगळं कपाट. डब्यातला जेलकोट आधीच कोबाल्ट घातलेला असेल तर पुन्हा घालायचं नाही. घेतानाच दुकानदाराला विचारा.

हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. साधा चष्मा पुरत नाही, बाजूनं बंद गॉगल लागतो. थेंब उडालाच तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा मिनिटं डोळा धूत राहायचा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. पाण्याची बादली आणि तांब्या कामाच्या जागी आधीच भरून ठेवा. हार्डनर सांडलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापते. ती पाण्यात भिजवून उघड्यावर ठेवा. वाटीत उरलेला माल धुरावू लागला तर बाहेर मोकळ्या जागी नेऊन ठेवा. स्टायरिनच्या वाफेपुढे कापडी रुमाल निरुपयोगी आहे. सेंद्रिय वाफेसाठीचे डबे लावलेला मास्क वापरा आणि शेडची दोन्ही दारं उघडी ठेवा.

भरणं

घासायच्या आधी मेण काढा. हा क्रम उलटा झाला की पेपर मेण ओरखड्यांच्या आत दाबतो, आणि त्यावर काहीच धरत नाही. एका कापडानं सॉल्व्हंट लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडानं पुसायचं. यासाठी आपला सोलापुरी टेरी टॉवेल उत्तम, पण एकदोनदा साध्या पाण्यात धुतलेला. कोऱ्या टॉवेलची खळ आणि तंतू मागे राहतात. आणि डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉनचा फवारा गाडीच्या आसपासही नको. सिलिकॉन एकदा तळावर बसलं की पुढच्या प्रत्येक थराला माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात.

केसाएवढ्या भेगेवर नुसता जेलकोट फिरवून उपयोग नाही, तो आत जातच नाही. भेग स्क्रेपरच्या टोकानं किंवा लहान ग्राइंडरनं इंग्रजी व्ही आकारात उघडायची, भेगेच्या टोकापासून थोडं पुढेपर्यंत, आणि कडा उतरत्या करायच्या. मन धजत नाही, पण भेग मोठी केल्याशिवाय बंद होत नाही.

नाण्याचा आवाज जिथं बसका आला होता, तिथं जेलकोटच्या आधी फायबर. सुटलेलं सगळं घासून काढा, टणक थर लागेपर्यंत. कडा जाडीच्या बारा पट लांब उतारानं घासा. तीन मिलिमीटर जाडी असेल तर चारी बाजूंनी साडेतीन-चार सेंटिमीटर. उतार छोटा ठेवला की नवा तुकडा फक्त कडेच्या जोरावर बसतो आणि पहिल्या आपटीला सुटतो. ४५० ग्रॅमची मॅट प्रत्येक थराला साधारण एक मिलिमीटर जाडी देते, आणि तिला वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. रोलरनं हवा काढा. उन्हाळ्यात एका दमात दोन-तीन थरांपेक्षा जास्त घालू नका, आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. इथं मी साध्या पॉलिस्टरपेक्षा व्हिनाइल एस्टर रेझिन वापरायला सांगेन. थोडं महाग पडतं, पण जुन्या फायबरला चांगलं धरतं, पाण्याला जास्त टिकतं आणि त्यावर जेलकोटही बसतो. एपॉक्सी वापरणार असाल तर मॅट नको, विणलेलं काचेचं कापड घ्या. साध्या मॅटचे धागे ज्या डिंकानं एकत्र धरलेले असतात तो स्टायरिनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही.

खोल टवक्यासाठी जेलकोटमध्येच बारीक सिलिका, दुकानात एरोसिल म्हणून मिळते ती, कालवून घट्ट लांबी करा आणि दोन-तीन थरांत भरा. शेवटचा थर आजूबाजूपेक्षा किंचित वर राहू द्या, तो आवळतो.

शेवटच्या थराची एक खोड आहे. हवेतला ऑक्सिजन पॉलिस्टरच्या वरच्या थराला मुरू देत नाही, म्हणून साधा जेलकोट दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतो. लोक घाबरून हार्डनर वाढवतात. गरज असते हवा अडवण्याची. एक तर शेवटच्या थरात स्टायरिनमधलं मेणाचं द्रावण घाला, ते वर तरंगून पापुद्रा धरतं. नाहीतर ओल्या जेलकोटवर पॉलिस्टरची पारदर्शक शीट ठेवून बुडबुडे काढत दाबा आणि कडा चिकटपट्टीनं बंद करा. शीट पीव्हीसीची नको. लहान डागाला मला शीटची पद्धत जास्त आवडते, कारण नंतरचं निम्मं घासणं वाचतं. मेण घातलेल्या थरावर पुन्हा थर द्यायचा झाला तर आधी घासून मेण काढावंच लागतं.

रंग जुळवणं

पांढरा म्हणजे नुसता पांढरा नसतो. त्यात पिवळ्याचा, काळ्याचा, कधी निळ्याचा अंश असतो, आणि इतक्या वर्षांच्या उन्हानं तो बदललेला असतो. म्हणून आधी शेजारचा भाग कंपाउंडनं घासून त्याचा खरा रंग वर आणा, मग जुळवा. पिगमेंट पेस्ट काडीच्या टोकानं घाला, आणि एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर मुरण्यावर परिणाम होतो. ओला रंग आणि मुरलेला रंग सारखे दिसत नाहीत. हार्डनर घालून एक ठिपका भंगारातल्या फायबरवर मुरू द्या आणि तो दिवसाच्या उजेडात, सावलीत बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उजनीच्या काठावर वेगळा दिसतो. चमकी असलेला मेटॅलिक रंग घरी जुळत नाही. तिथं पूर्ण पट्टाच नव्यानं फवारणाऱ्याकडे जा.

घासणं

साधारण एक दिवसानंतर, नख रुतत नसेल आणि ॲसिटोनचं कापड फिरवल्यावर चिकटपणा येत नसेल, तर घासायला घ्या. भोवती चिकटपट्टीचे दोन पदर लावा आणि वर आलेला उंचवटा २२० किंवा ३२० नं, लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून उतरवा. बोटांनी घासलं की बोटांचेच खळगे पडतात. पट्टी काढून ४००, ६००, ८००, १०००, १५००, २००० असं चढत जायचं, पाण्यात साबणाचा थेंब घालून. प्रत्येक नंबरला दिशा बदला. आधीच्या नंबरचे आडवे ओरखडे सगळे गेले की मगच पुढे जा, कारण ४०० चा राहिलेला ओरखडा २००० नं जात नाही. बादलीतलं पाणीही प्रत्येक नंबरला बदला. जुन्या पेपरचा एक खडा आधीची सगळी मेहनत घालवतो.

पाण्याखाली राहणाऱ्या तळाला ८०० पर्यंत घासलं तरी पुष्कळ झालं. तिथं ताकद आणि सपाटी महत्त्वाची. चकाकीची मेहनत वरच्या, दिसणाऱ्या भागावर खर्च करा. पंपाकडे पाणी ओढणाऱ्या जाळीच्या पुढच्या भागाकडे मात्र विशेष लक्ष द्या. तिथं भरणीचा उंचवटा राहिला तर पाण्याचा प्रवाह फाटतो, पंपात हवा शिरते आणि इंजिन गुरगुरत राहूनही गाडी पुढे सरकत नाही. बफिंग मशिननं कंपाउंड मारताना ते एका जागी थांबवू नका, जेलकोट जळतो. तळाच्या उठलेल्या धारांवर जेलकोट मुळात पातळ असतो, तिथं मशिन न लावता हातानंच करा.

पाण्यात सोडण्याआधी

जेलकोट एका दिवसात घासण्याइतका कडक होतो, पण पूर्ण मुरायला आठवडाभर द्या. तोवर दुरुस्त केलेली जागा ट्रेलरच्या टेकूवर टेकू देऊ नका. टेकूवरचं कार्पेट फाटलं असेल तर याच आठवड्यात बदला, त्याखालचा एक उघडा स्क्रू सगळं काम एका प्रवासात खरवडून काढतो. मेण अगदी शेवटी लावा.

पहिली फेरी हळू आणि खोल पाण्यात मारा, काठाच्या जवळ नको. परत आल्यावर ट्रेलरवर घेऊन मागचा ड्रेन प्लग काढा आणि किती पाणी निघतं ते बघा. चार थेंब निघाले तर ते सीटखालून आत आलेलं असतं. धार लागली आणि बराच वेळ चालू राहिली तर गाडी पुन्हा पाण्यात घालू नका. सीट काढून आतून टॉर्च मारा आणि पेन्सिलच्या त्या रेघेच्या बाहेर नाणं पुन्हा फिरवा.